दोघंही हो म्हणाले

आमच्या गावात ऋतू बदलताना तळ्यावर पाय ठेवायचा असेल तर आधी दोन माणसांना विचारायची पद्धत आहे. एक सातारकुल-अके (थोरल्या माणसाला आम्ही मानाने अके म्हणतो) आणि दुसरी माझी आई, बुरुलचा. ऐन हिवाळ्यात कुणी विचारत नाही, तेव्हा बर्फावरून ट्रक जातात. उन्हाळ्यातही विचारत नाही, तेव्हा पाणी दिसतं. प्रश्न येतो तो मधल्या दिवसांत. तेव्हा बर्फ दिसतो बर्फासारखाच, पण त्याच्या मनात काय आहे ते सांगता येत नाही.

सातारकुल-अके मोजतात. ते तळ्याच्या पाणी मोजायच्या ठाण्यावर नोकरीला होते. पुढे ठाणं बंद पडलं, सरकार बदललं, देशाचं नावसुद्धा बदललं, पण अकेंनी मोजणं सोडलं नाही. माझ्या भावाने त्यांच्या मुलीला मागणी घातली तेव्हा त्यांनी भावाची उंची, आमच्या भिंतींची जाडी आणि आमच्या कुत्र्याचं वय विचारून घेतलं, दोन दिवस विचार केला आणि मग होकार दिला. कुत्र्याच्या वयाचा संबंध काय, हे अजून कुणाला कळलेलं नाही. कुत्र्याने मात्र ते मनाला लावून घेतलं.

अपाला, म्हणजे आमच्या आईला, कळतं. कसं कळतं ते विचारायचं नाही. विचारलं की ती चिडते, कारण तिलाही माहीत नाही. एकदा जेवता जेवता ती उठली आणि तिने कपाट ढकलत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. संध्याकाळी कपाटाच्या जुन्या जागेची भिंत पडली. कपाट वाचलं. बाबा त्याच भिंतीला टेकून बसले होते, पण त्यांच्याबद्दल तिला आतून काही आलं नव्हतं. त्यांचा पाय पुढे बरा झाला, बोलणं मात्र कमीच राहिलं.

आता गंमत अशी की मधल्या दिवसांत या दोघांचं कधीच एकमत होत नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल, मग विचारून उपयोग काय. पण गावाने पुष्कळ वर्षं आणि काही गुरं खर्चून यातून एक रीत बसवली आहे. अके हो म्हणाले आणि अपा नाही म्हणाली, तर घोडा न्यायचा, पण घसरगाडी रिकामी. अपा हो म्हणाली आणि अके नाही म्हणाले, तर घोडा ठेवायचा आणि चालत जायचं, एकमेकांपासून लांब लांब, कमरेला दोर बांधून. आणि जो हो म्हणेल त्याने पहिल्या खेपेला स्वतः यायचं. चालत असेल तर सगळ्यांच्या पुढे. ही शेवटची अट कुणी घातली माहीत नाही, पण तिच्यामुळे आमच्या गावात उगाच हो म्हणणाऱ्यांची टंचाई आहे.

दोघंही हो म्हणाले तर काय करायचं, हे ठरवलेलं नव्हतं. घोड्याला शिंगं फुटली तर काय करायचं, हेही ठरवलेलं नाही.

नवरोज जवळ आला होता. माझी जेंगे, म्हणजे वहिनी, अकेंची मुलगी सोनुन, हिचे दिवस भरले होते. भाऊ रशियात कुठल्याशा गोदामात खोकी उचलत होता आणि रोज फोन करून "काय झालं" असं विचारत होता, जणू आम्ही लपवून ठेवणार होतो. त्या दिवशी सकाळी गावातली नर्स सोनुनला तपासून बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "बाळ आडवं आहे. माझ्याकडे सुई आहे, दोरा आहे आणि दुवा आहे. यातल्या कशानेही ते सरळ होणार नाही. आजच्या आज पलीकडे न्या."

पलीकडे म्हणजे तळ्यापलीकडे, जिल्ह्याच्या गावी. तिथे दवाखाना होता. तळ्याला वळसा घालून जाणारा रस्ता डोंगरावरचा बर्फ कोसळून बंद झाला होता. हेलिकॉप्टर पाठवतो असं वरून कळवण्यात आलं. तसं ते मागच्या हिवाळ्यातही कळवण्यात आलं होतं. तेच असेल तर एव्हाना पोचायला हवं होतं.

म्हणजे बर्फच उरला.

निकाल ऐकायला लोक दुकानासमोर जमले. आधी सातारकुल-अके आले. टोपी सारखी केली. म्हणाले, "हो."

लोकांनी माना डोलावल्या. म्हणजे आता अपा नाही म्हणणार, घोडा मिळणार, आणि घसरगाडी रिकामी ठेवायची तर सोनुनला कशावर बसवायचं, याची चर्चा लोकांनी सुरूसुद्धा केली. तेवढ्यात अपा आली, पदराला हात पुसावे तसे एप्रनला पुसले आणि म्हणाली, "हो."

गावातले सर्वांत म्हातारे तोलोमुश-अता कानामागे हात धरून म्हणाले, "परत सांगा."

"हो," अके म्हणाले.

"हो म्हणतेय ना," अपा म्हणाली.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपला चोरीला गेलेला कोट बाजारात दुसऱ्याच्या अंगावर दिसावा, तसं.

"मग ट्रक न्यायचा का?" मागून कुणीतरी विचारलं. "दोन हो म्हणजे ट्रक ना?"

"दोन हो म्हणजे दोघांपैकी एकाला ताप आहे," तोलोमुश-अता म्हणाले. "कपाळाला हात लावून बघा रे."

कुणी लावला नाही. माणसं हळूहळू पांगली. दुकानदाराने भर सकाळी दुकान बंद केलं आणि कुणी कारण विचारलं नाही.

मी या दोघांपैकी कुणासारखाच नाही. मला मोजता येत नाही, आणि मला आतून काही आलं तर ती भूक असते. पण एखादी वस्तू जशी असायला हवी तशी नसली की मला दिसतं, बस. अकेंचं सामान आणायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बर्फाला भोक पाडायचं त्यांचं गिरमिट खिळ्याला टांगलेलं होतं. त्याच्या पात्याला पानगळीत लावलेलं ग्रीस तसंच होतं, आणि त्यात कोंबडीचं एक पीस चिकटलेलं.

"अके, गिरमिट कोरडंय."

"मी वस्तू पुसून ठेवतो," अके म्हणाले. "सगळ्यांची घरं तुझ्या घरासारखी नसतात."

घरी आलो तर चुलीशेजारी अपाचे नमद्याचे, म्हणजे थापलेल्या लोकरीचे, बूट घोट्यापर्यंत भिजून वाळत पडलेले, आणि त्यांच्या बाजूला भिंतीला टेकवलेलं आमचं लांब लाटणं. तेही ओलं.

"अपा, लाटणं ओलं का?"

"पोळ्या लाटल्या."

"कधी?"

"तुझं तोंड बंद होतं तेव्हा. म्हणून तुला आठवत नाही."

दोन्ही उत्तरं बिनतोड होती. मी गिरमिट, पहार आणि दोर घसरगाडीत टाकले आणि कश्काला जुंपलं. कश्का आमचा घोडा, कपाळावर पांढरा पट्टा असलेला. गावात त्याच्याइतकं समंजस दुसरं कुणी नव्हतं, आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

निघताना तोलोमुश-अतांनी हात पसरून दुवा मागितली. "ओमिन" म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. काही बायका रडायला लागल्या होत्या, म्हणजे नंतर घाई नको.

घसरगाडीत नमद्याच्या थरांवर सोनुन आडवी. हो म्हणाले म्हणून एका बाजूला सातारकुल-अके. ते अंगाने आमच्या कपाटाएवढे. हो म्हणाली म्हणून दुसऱ्या बाजूला अपा. तिच्या मांडीवर मेंढीच्या पोटाच्या पिशवीत गच्च भरलेलं लोणी, कारण आमच्यात बाळाच्या ओठाला पहिलं लोणी आजीने लावायचं असतं. पुढे मी. एवढं वजन त्या दिवसांत तळ्यावर कधी गेलं नव्हतं. रीतच तशी होती, की दोघांपैकी एक नेहमी किनाऱ्यावर राहायचा.

आधी बर्फ चांगला वाटला. डोंगराच्या सावलीत तो पांढरा, कोरडा होता. सावली संपली तसा राखाडी झाला, आणि वर बोटभर पाणी. कश्काच्या टापांचा आवाज बदलला. दारावर कुणी थापा मारत असावं आणि आत कुणीतरी असावं, तसा.

"सरकू का थोडा, कुदागी?" मागून अके म्हणाले. विहिणीला ते कुदागीच म्हणतात, पण एरवी ते "अहो कुदागी, कळतं का काही" असं असतं.

"बसा हो कुदा, पुष्कळ जागा आहे," अपा म्हणाली.

मी लगाम घट्ट धरला. इतकी सभ्यता मी फक्त मयताच्या घरी पाहिली होती.

"खुळखुळ्या," सोनुनने हाक मारली. आमच्यात सून सासरच्यांची नावं घेत नाही, टोपणनावं ठेवते. सासऱ्याला तिने 'भिंत' ठेवलं नाही, एवढे तिचे उपकार. "खुळखुळ्या, हे दोघं भांडत का नाहीत?"

"वय झालं त्यांचं, जेंगे."

"काल होतं तेवढंच आहे. मला भीती वाटतेय. भांडायला सांग ना."

मी मागे वळून म्हणालो, "अके, अपा म्हणते तुमच्याकडचा चहा म्हणजे बूट धुतलेलं पाणी असतं."

"मी कशाला म्हणेन?" अपा म्हणाली. "चांगला असतो त्यांचा चहा."

"दूध जरा कमीच पडतं," अके म्हणाले. "खरं आहे."

सोनुनने डोळे मिटून घेतले. त्यानंतर तिला कळ आली आणि ती नमदा दातात धरून पडून राहिली. आम्ही तिघं समोर बघत राहिलो. दूर एका ठिकाणी, साधारण तळ्याच्या मध्यावर, बरेच कावळे बसले होते. बाकी सगळं तळं मोकळं असताना तेवढ्याच जागी. आम्ही जवळ गेलो तसे ते उडाले नाहीत. चालत बाजूला झाले. वाट द्यावी तसे.

तिथे कश्का थांबला.

मी लगाम हलवला, चुचकारलं. त्याने कान मागे टाकले आणि पुढचा एक पाय उचलून तसाच धरला. मग डावीकडून, फार लांबून, आवाज आला. खाली तळ्यात कुणीतरी लोखंडी खाट ओढत नेतंय असा. तो आवाज आमच्याकडे आला, आमच्या खालून गेला आणि उजव्या किनाऱ्यापर्यंत जाऊन थांबला. घसरगाडीखालच्या बर्फात केसासारखी एक काळी रेघ उमटली होती.

आणि मला एकदम ते पीस आठवलं. कोंबडीचं. गिरमिट पुसून ठेवलं असतं तर ग्रीस राहिलं नसतं, पीसही राहिलं नसतं. त्याच्यामागोमाग लाटणं आठवलं. त्याच्या टोकाला हिरवट काहीतरी होतं. तेव्हा मला वाटलं होतं की आपल्या पोळ्यांची चव आता समजली. पण ते शेवाळं होतं.

"अके," मी म्हणालो, "तुम्ही मोजलं नाहीत."

अके कश्काच्या कानांकडे बघायला लागले.

"आणि अपा, तू मोजलंस. लाटण्याने."

अपा हळू आवाजात म्हणाली, "कुदा, हा काय म्हणतोय?"

"तुमच्याबद्दल काय म्हणतोय ते आधी सांगा. लाटण्याने?"

"नर्स गेल्यापासून आतून नाही, नाही येत होतं," अपा म्हणाली. "पण सून अवघडलेली असली की सासूला सगळंच नाही वाटतं. जिना नाही, दूध नाही, वारा नाही. म्हटलं, ही आपली भीती असेल. तुम्ही एवढी वर्षं मोजता आणि तुमचं काही चुकत नाही, म्हणून गेले. मासेवाल्यांचं भोक होतं, त्यात लाटणं घातलं. जाड होता बर्फ. कोपरापर्यंत."

"कुठलं भोक?"

"कड्याखालचं."

"कड्याखालचं," अके म्हणाले. "तिथे सावली असते, कुदागी. तिथला बर्फ उन्हाळ्यात मुलं खातात. अहो, एका भोकाला मोजणं म्हणत नाहीत. आणि ते भोक आपल्या सोयीचं असेल तर मुळीच नाही."

"आणि तुम्ही?"

अकेंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी गिरमिटाला हात लावला नाही. मोजलं असतं तर आकडा आला असता. आकडा आला की त्याच्याशी बोलता येत नाही. मुलगी आहे माझी. म्हणून मी किनाऱ्यावर उभा राहिलो, तुम्ही राहता तसा, डोळे मिटून. आणि मला आतून आलं, की काही होणार नाही."

"तुम्हाला आतून आलं?"

"आलं."

"कुठून आतून? काय आहे तुमच्या आत?" अपाचा आवाज चढला. "अहो, ती इच्छा होती. इच्छा वर असते, ती कुणालाही सापडते. जे आपल्याला हवंय तेच आतून येत असलं, तर ते येणं नव्हे, मागणं असतं. एवढं कळत नाही आणि चालले डोळे मिटायला."

"लाटणेवालीने मला शिकवू नये."

"भांडताहेत," सोनुन पुटपुटली. "भांडताहेत ना?"

"होय जेंगे."

पण आम्ही तळ्याच्या मध्यावर होतो, आणि कुणाचाच होकार खरा नव्हता. गावातल्या कुठल्याच माणसाने, पोटातून किंवा पट्टीने, या बर्फाबद्दल खरं काही सांगितलेलं नव्हतं. मागे किनाऱ्यावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. पुढचा किनारा तेवढाच लांब. कश्काने पाय अजून खाली ठेवला नव्हता.

"गिरमिट दे," अके म्हणाले.

ते उतरले, पोटावर झोपून घोड्याच्या पुढे सरकत गेले. एवढा मोठा माणूस इतका सपाट होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. गिरमिट फिरवलं. पाणी लवकर वर आलं. फार लवकर. आणखी पुढे सरकून दुसरं भोक पाडलं, मग बाजूला तिसरं. प्रत्येक वेळी त्यांनी बोट घालून बघितलं आणि ओठ हलवले.

अपा दुसऱ्या बाजूने उतरली. तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि कान उघडा करून पाण्यासकट बर्फावर टेकला. डोळे उघडेच होते तिचे. ती कुणाची तरी चुगली ऐकावी तशी ऐकत होती, मध्येच भुवया वर करून.

सोनुनने माझी बाही धरली होती. "दोघंही एकच बोलले तर," ती म्हणाली, "मी इथेच बाळाला जन्म देईन. तुझ्या टोपीत."

"टोपी लहान आहे."

"मग बाळ लहान होईल."

अके उठून गुडघ्यावर बसले. "नाही," ते म्हणाले. "पुढे आणखी पातळ आहे. आकडा नाही म्हणतोय. मागे फिरवा."

अपाने मान उचलली. गाल लालभडक झालेला, कानातून पाणी ओघळत होतं. "मागे नाही," ती म्हणाली. "मागचा बर्फ उठलाय, खालून सुटलाय. आपण आलो तेच उठवत आलो. पुढे जायचं. हो."

"मी मोजून सांगतोय नाही."

"आणि मला आतून येतंय हो. मला नकोसं आहे तरी येतंय. मला घरी जायचंय."

मग सोनुन हसायला लागली. कळ आणि हसू एकदमच आलं तिला, त्यामुळे ते ऐकायला भयंकर होतं, पण हसूच होतं. "अपा हो, बाबा नाही," ती म्हणाली. "म्हणजे चालत. घोडा सोडून, लांब लांब, दोर बांधून."

खूप दिवसांनी घरात वीज यावी तसं आम्हाला झालं. काय करायचं ते आम्हाला माहीत होतं. बर्फ तसाच होता, तितकाच पातळ, पण आता त्याच्याबद्दल दोन माणसं दोन खऱ्या गोष्टी सांगत होती, आणि त्या दोन्हींच्या मधून चालत जायची वाट गावाने फार पूर्वी शोधून ठेवली होती. ती का चालते ते मला विचारू नका. तोलोमुश-अतांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, जे त्या वाटेने गेले नाहीत त्यांना विचार.

सोनुनला जाड नमद्यावर निजवून दोराने बांधलं. अकेंना लोण्याची पिशवी तिथेच टाकायची होती. अपाला त्यांची पहार टाकायची होती. त्यावर दोघांचं चांगलं भांडण झालं आणि दोन्ही वस्तू सोबत आल्या. अपा हो म्हणाली होती म्हणून ती सगळ्यांत पुढे, नुसत्या मोज्यांवर, बूट गळ्यात अडकवून. तिच्या मागे लांब दोरावर मी. माझ्या मागे नमद्यावर सोनुन. आणि पार शेवटी, वजनामुळे, सातारकुल-अके, पहारीने ठोकत.

कश्काला मी सोडलं. तो जागचा हलला नाही. आम्ही थोडं पुढे गेल्यावर त्याने आमच्याकडे पाहिलं, मग वळला आणि घसरगाडीच्या चाकोरीतून, आलो त्याच वाटेने, शहाण्यासारखा घराकडे निघाला.

"डावीकडे," पुढून अपा म्हणायची.

"उजवीकडे," मागून अके ओरडायचे. "डावीकडे पोकळ वाजतंय."

"पोकळ तुमचं डोकं."

मी मधून जायचो. नमदा पाण्यावरून सरसर यायचा. सोनुन आता बोलत नव्हती, फक्त मधूनमधून दोराला झटका बसायचा, तेव्हा कळायचं की कळ आली. पाय टाकला की बर्फ खाली जायचा, अगदी थोडा, आणि पाय उचलला की वर यायचा. झोपलेल्या जनावराच्या पाठीवरून चालल्यासारखं. आणि त्याला जाग येऊ नये असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, भांडता भांडताही.

किनाऱ्यावरची झाडं वेगवेगळी दिसायला लागली होती तेव्हा मागून आवाज आला. तडा गेल्याचा नाही. एक जड, बसका आवाज, मग पाणी, मग घोड्याच्या घशातून निघतो तो आवाज, थोडा वेळ. मग तोही नाही. मी वळणार होतो. अके म्हणाले, "पुढे बघ."

अपा वळली नव्हती. तिची पाठ फक्त थोडी वाकली होती.

"कश्का पोचला घरी?" सोनुनने विचारलं. ती आकाशाकडे तोंड करून बांधलेली होती, तिला काही दिसत नव्हतं.

"पोचला," अके म्हणाले.

"पोचला," अपा म्हणाली.

एकदमच म्हणाले. मग सोनुनने पुन्हा काही विचारलं नाही, आणि किनारा येईपर्यंत कुणीच डावीकडे-उजवीकडे काही म्हणालं नाही. मला सरळ जावं लागलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने आमच्याकडे, नमद्याकडे, अपाच्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "रस्ता तर बंद आहे. तुम्ही आलात कसे?" उत्तर ऐकायला ती थांबली नाही, हे चांगलं झालं. सोनुनला चाकांच्या खाटेवर घातलं. डॉक्टरीण दारातून म्हणाली, "उशीर केलात. पोट उघडावं लागेल. आताच काही सांगत नाही." दार मिटलं.

आम्ही तिघं बाकावर बसलो. अपा मध्ये, मांडीवर लोणी. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. पलीकडे तळं दिसत होतं, पण कुणी तिकडे बघत नव्हतं. भावाचा फोन वाजत होता; मी तो खिशातच दाबून धरला होता, उंदीर धरावा तसा. दाराआडून काहीच ऐकू येत नव्हतं. बाळाचं रडणं नाही, सोनुनचं ओरडणं नाही. एकदा फक्त काहीतरी धातूचं खाली पडलं आणि कुणीतरी ते उचललं.

शेवटी मला राहवलं नाही. "होईल ना सगळं नीट?" मी विचारलं.

विचारल्यावर लक्षात आलं की मी काय केलंय.

अकेंनी तोंड उघडलं आणि मिटलं. अपाने त्यांच्याकडे पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच उत्तर होतं, ते मला बाकाच्या या टोकावरूनही दिसत होतं, आणि दोघांनाही एकमेकांचं दिसत होतं. या दाराआड गिरमिट घालता येत नव्हतं आणि कान लावून उपयोग नव्हता. दोघांकडेही होती ती फक्त इच्छा.

"होईल," सातारकुल-अके म्हणाले. म्हणून झाल्यावर ते घाबरून अपाकडे बघायला लागले.

अपाने लोण्याची पिशवी दोन्ही हातांनी धरली. बोटं पांढरी पडली.

"नाही होणार," ती म्हणाली.

अके तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांचे खांदे खाली आले, आणि त्यांनी आपला मोठा पंजा तिच्या मनगटावर ठेवला.

"रहमत, कुदागी," ते म्हणाले. उपकार झाले.

"हात काढा," अपा म्हणाली. "लोणी वितळतंय."

त्यांनी काढला नाही. मी उठून खिडकीशी गेलो, कारण मला त्या दोघांकडे बघवेना. तळ्यावर आमची चाकोरी अजून दिसत होती, घरापासून मध्यापर्यंत सरळ रेघ. त्या रेघेवर, घराकडच्या बाजूला, एक काळा ठिपका होता, आणि कावळे मध्यावरून उठून आता त्याच्याभोवती बसले होते. चाकोरीतून घसरगाडी मागे फिरवली असती तर आम्ही नेमके तिथे पोचलो असतो. अकेंचा आकडा चुकला नव्हता आणि अपालाही बरोबर ऐकू आलं होतं.

माझ्या मागे दाराआड कुणीतरी रडलं. बारीक, चिडका, कर्कश आवाज. आल्या आल्याच कशालातरी नाही म्हणणारा.

दार उघडलं. "मुलगी," डॉक्टरीण म्हणाली. तिच्या हातमोज्यांकडे मी पाहिलं नाही. "आई शुद्धीवर यायला वेळ लागेल. पण येईल."

"येईल ना?" अके म्हणाले.

"येईल म्हणतेय ना ती," अपा त्यांच्यावर खेकसली, आणि पिशवीची गाठ दाताने सोडायला लागली.